पाळलेल्या सापाला श्वसनाचा आजार: ओळख, उपचार आणि घरच्यांनी घ्यायची काळजी

थंडीच्या दिवसांत दवाखान्यात हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा तरी येतो, आणि विचारणारा जरा संकोचूनच विचारतो. "डॉक्टर, मुलानं साप पाळलाय. त्याच्या नाकातून फेस येतोय. आपलं अँटिबायोटिक थोडं दिलं तर चालेल का?"

चालणार नाही. मी माणसांचा डॉक्टर आहे. सापावरचे औषध पशुवैद्यानेच ठरवायचे असते. पण आजार वेळेत ओळखणे आणि पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंत चुका टाळणे हे घरच्यांच्याच हातात असते. शिवाय त्या घरातल्या लहान मुलाला जुलाब लागले की ते माझ्याकडेच येते. म्हणून हा लेख.

आधी पाहा, साप कोणता आहे

नाग, घोणस, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षित आहेत. त्यांना घरात ठेवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. शेतात, विहिरीत किंवा पुराच्या पाण्यातून असा साप आजारी अवस्थेत सापडला, तर घरी उपचार करू नका. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. 2019 च्या पुरात सांगलीत घराघरांत साप शिरले होते. अशा वेळी भिजून गळाठलेला साप मेलेला वाटतो. तो विषारी असेल तर त्या अवस्थेतही चावू शकतो.

पाळीव म्हणून जे दिसतात ते बहुतेक परदेशी साप, त्यातही बॉल पायथन जास्त. कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे. नोंदणी राहून गेली असेल तर ती करून घ्या. कागद नाहीत म्हणून पशुवैद्याकडे जायला घाबरणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्या भीतीत सापाचे आठवडे वाया जातात.

सापाला खोकता येत नाही

हे एक वाक्य समजले की बाकीचा आजार समजतो. आपल्याला कफ झाला की छाती आणि पोटामधला श्वासपटल जोर लावतो आणि आपण खोकून कफ बाहेर टाकतो. सापाला श्वासपटल नसतो. तो बरगड्यांच्या स्नायूंनी श्वास घेतो. बहुतेक सापांत उजवे फुप्फुसच काम करते आणि डावे नावापुरते असते. अजगराच्या कुळात दोन्ही असतात, पण डावे लहान. फुप्फुसाच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचे जाळे असते. मागचा लांबट भाग नुसत्या हवेच्या पिशवीसारखा असतो आणि तिथे रक्तपुरवठा कमी असतो. स्राव या पिशवीत साचला की बाहेर येत नाही आणि औषधही तिथे नीट पोहोचत नाही. त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट होतो.

त्यामुळे नाकाशी बुडबुडा दिसतो तेव्हा आजार सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात. "कालच तर बरा होता" हे घरचे मनापासून सांगतात, आणि ते खोटेही नसते. साप आजार लपवतो.

काय दिसले तर सावध व्हावे

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे हे सर्वांत गंभीर लक्षण. साप निवांत पडलेला असताना तोंड किंचित उघडे राहत असेल किंवा श्वास घेताना गळा फुगत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करा. नाकपुड्यांशी बुडबुडे, तोंडात चिकट तारा, श्वासाबरोबर घरघर, शीळ किंवा टिकटिक असा आवाज ही इतर लक्षणे. काही साप डोके आणि मानेचा भाग उंच करून बसतात, कारण तसे केल्याने श्वास घेणे सोपे जाते. दम्याचा रुग्ण उशांना टेकून बसतो, तसेच. भूक जाणे आणि सुस्ती ही लक्षणे असतातच, पण ती कात टाकण्याआधीही दिसतात, म्हणून नुसत्या त्यांवरून निष्कर्ष काढू नका.

काही गोष्टी आजारासारख्या दिसतात, पण आजार नसतात. भक्ष्य गिळून झाल्यावर साप जांभई दिल्यासारखे तोंड उघडतो. तो जबडा जागेवर आणत असतो. चिडल्यावर फुत्कारतो. कात टाकायच्या सुमारास डोळे दुधाळ होतात आणि नाकपुडीत कातीचा तुकडा अडकून शिट्टीसारखा आवाज येतो. हा आवाज कात पूर्ण निघाल्यावर थांबायला हवा. थांबला नाही, तर दाखवा.

मूळ बहुतेक वेळा पेटीत असते

साप आपल्या शरीराचे तापमान स्वतः राखू शकत नाही. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला साधारण 31 ते 33 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 अंश सेल्सिअस तापमान लागते. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा बाराच्या आसपास जातो. महाबळेश्वर-पाचगणीचे सांगायलाच नको. सांगलीत दिवसा ऊन असते म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण फरशीवर ठेवलेली काचेची पेटी पहाटे गार पडतेच. त्यात लोडशेडिंग झाले की हीटर बंद. शरीर थंड पडले की सापाची रोगप्रतिकारशक्तीही मंदावते आणि एरवी तोंडात मुकाट राहणारे जंतू खाली उतरतात. हे बहुधा सुडोमोनास, एरोमोनास, क्लेब्सिएला या जातीचे असतात. इस्पितळात ज्यांनी आम्हाला छळले, तेच हे.

उलट टोकही वाईट. पावसाळ्यात ओली भुसकट, बंद झाकण आणि साचलेली विष्ठा असेल तर पेटीत बुरशी आणि अमोनियाचा वास धरतो. तो वास तुम्हाला येत असेल, तर साप चोवीस तास तोच श्वासात घेतो आहे. खवल्यांखाली फिरणारे काळे बारीक माइट्स आणि तोंडातला जंतुसंसर्ग यांतूनही आजार फुप्फुसात जातो.

काही वेळा कारण विषाणू असते. पायथनांमध्ये श्वसनाचा जीवघेणा आजार करणारा नायडोव्हायरस 2014 मध्ये शास्त्रीय साहित्यात नोंदला गेला. त्यावर थेट औषध नाही. म्हणूनच नवा साप आणला की तो किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा. विकणाऱ्याने "एकदम निरोगी आहे" असे सांगितले असले तरीही.

दुधाबद्दल थोडे सविस्तर

आमच्या भागात हा विषय टाळून चालणार नाही. सांगली जिल्ह्यातले बत्तीस शिराळा जिवंत नागांच्या पूजेसाठी देशभर ओळखले जायचे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नाग पकडणे, त्यांच्या मिरवणुका आणि स्पर्धा यांवर बंधने आली. गावकऱ्यांचे म्हणणे असते की आम्ही नागाला जपतो, इजा करत नाही. त्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. पण सापाच्या शरीराला श्रद्धा कळत नाही, दूध मात्र बाधते.

साप दूध पीत नाही. दूध सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे अन्न आहे आणि सापाच्या पोटाला ते पचत नाही. मग नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पिताना दिसतो तो कसा? त्याला बरेच दिवस पाणी दिलेले नसते. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल ते द्रव ओढतो. त्यातही तोंड धरून दूध ओतले तर धोका आणखी मोठा. सापाच्या श्वासनळीचे तोंड जबड्याच्या तळाशी, अगदी पुढे असते. शिकार गिळताना साप ते बाजूला काढून श्वास घेत राहतो, पण ओतलेले द्रव सरळ त्यात शिरते. दूध फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो, आणि खोकून ते बाहेर काढण्याची सोय नाही. नाग सोडून दिल्यावर चार-आठ दिवसांनी कुठेतरी बांधाखाली मरतो. कोणी पाहत नाही, म्हणून कोणाला पटत नाही.

हेच पाळलेल्या सापालाही लागू आहे. सर्दी झाली म्हणून हळदीचे दूध, मध, तुळशीचा काढा यातले काहीही सापाच्या तोंडात घालू नका.

पशुवैद्य काय करतात

आधी ते पेटीचे तापमान विचारतील, मग साप पाहतील. तोंडाच्या आतली तपासणी, एक्स-रे, आणि श्वासनळीत थोडे निर्जंतुक द्रव सोडून परत ओढून घेतलेल्या स्रावाची कल्चर तपासणी असा साधारण क्रम असतो. कल्चर टाळू नका. हे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

माणसाच्या गोळ्या का नकोत, ते एका उदाहरणावरून कळेल. सेफ्टाझिडीम नावाचे इंजेक्शन मी रुग्णाला आठ तासांनी देतो. सापांत तेच औषध साधारण तीन दिवसांतून एकदा देतात, कारण त्याच्या शरीरातून औषध फार सावकाश बाहेर पडते. शिवाय ते शरीराच्या पुढच्या भागात टोचतात, कारण मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकते. अंदाजाने दिलेल्या गोळीने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. इंजेक्शनांबरोबर शरीरातले पाणी भरून काढणे आणि नेब्युलायझर लागू शकतो. उपचार काही आठवडे चालतात. दोन इंजेक्शनांनंतर बुडबुडे थांबले म्हणून बंद करणारे घर महिन्याने पुन्हा तिथेच येते.

सातारा जिल्ह्यात शिरवळला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातल्या पशुवैद्यांना सापाचा अनुभव नसेल, तर त्यांच्याकडून तिथे विचारणा करून घ्या.

तोपर्यंत घरी

पेटी उबदार करा, त्या जातीला सोसणाऱ्या वरच्या मर्यादेपर्यंत. रात्रीही तेच तापमान ठेवा. हीटरला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप भाजतो. ताजे पाणी ठेवा. खाऊ घालू नका आणि सारखा हाताळू नका. खोलीत धूप, उदबत्ती, मच्छर कॉइल लावू नका. बाम किंवा कापराची वाफ तर मुळीच नको. नेताना सुती पिशवीत घालून हवेशीर डब्यात ठेवा, आणि थंडी असेल तर कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा.

घरातल्या माणसांसाठी

सापाचा न्यूमोनिया सहसा माणसाला लागत नाही. खरा धोका साल्मोनेलाचा आहे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही हे जंतू असतात, आणि त्याला खाऊ घालायच्या उंदरांतही. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसे, केमोथेरपी किंवा स्टेरॉइडवर असलेले रुग्ण यांनी साप आणि पेटी दोन्हींपासून दूर राहावे. बाळाने सापाला हात लावला नाही तरी मोठ्यांच्या हातावरून जंतू पोहोचतात. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. सापाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा.

घरात साप असताना कोणाला ताप, पोटात मुरडा आणि जुलाब झाले, तर ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना साप असल्याचे आवर्जून सांगा. शौचातून रक्त, तीन दिवसांहून जास्त ताप किंवा तान्हे बाळ आजारी असेल तर थांबू नका. एका आजीचे जुलाब आठवडाभर बरे होत नव्हते, आणि घरात नातवाचा अजगर आहे हे मला सुनेने जाता जाता, दारातून सांगितले. त्यानंतर शौचाची कल्चर तपासणी पाठवली.