चेतक, मस्टँग आणि बाबांचा लेथ

मागचे तीन विकांत हापिसातल्या रिलीजने खाल्ले आणि चौथा एका स्कूटरने. आजची पोस्ट त्या चौथ्याबद्दल.

सुरुवात मात्र स्कूटरपासून नाही, फोर्ड मस्टँगपासून झाली. आमच्या टीममधला एक मित्र गाडीवेडा आहे. जेवणाच्या सुट्टीत पोळीभाजी खाता खाता तो आम्हाला व्ही-८ इंजिनांचे आवाज ऐकवतो. त्याचं म्हणणं असं, की अमेरिकन लोकांना आठवणी विकता येतात, तशा आपल्याला येत नाहीत. पहिली मस्टँग आली १९६४ साली. मग १९७३ चं तेलसंकट आलं, पेट्रोल महागलं, आणि त्या दांडग्या गाड्यांची पुढची पिढी अगदीच लुळी निघाली. पुढे २००५ च्या मस्टँगमध्ये फोर्डने साठच्या दशकातलं रूप मुद्दाम परत आणलं, २००८ मध्ये डॉजने चॅलेंजर आणली, पाठोपाठ शेवरले कॅमॅरो. बापाने तरुणपणी शेजाऱ्याकडे बघितलेली गाडी मुलाने कर्ज काढून घ्यायची, असा एकूण मामला. २०१६ मध्ये मस्टँग अधिकृतपणे भारतातही आली, पाच लिटरचं इंजिन आणि साधारण ६५ लाख किंमत. आमच्या मित्राने तिचा फोटो लॅपटॉपवर लावला. त्याहून जास्त काही करणं शक्य नव्हतं.

"आपल्याकडे अशी एक तरी गाडी आहे का सांग," तो म्हणाला. मी तेव्हा गप्प बसलो. पण संध्याकाळी बस आकुर्डीवरून जात होती आणि उत्तर खिडकीतून समोरच दिसलं.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आकुर्डीला बजाज ऑटोचा कारखाना आहे. पिंपरी-चिंचवडच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये, त्यानंतर साठच्या दशकात एमआयडीसी, बजाज, टेल्को. सातारा, नगर, मराठवाड्यातून माणसं ट्रंक घेऊन इथे उतरली. १९७० मध्ये आसपासची गावं मिळून नवनगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. म्हणजे हे शहर आधी कारखान्यांचं झालं, नागरिकांचं नंतर. आमचे आजोबा त्याच ट्रंकवाल्यांपैकी.

बजाजला स्कूटर बनवायचा परवाना मिळाला १९५९ साली, आणि सुरुवात झाली ती इटलीच्या पियाज्योच्या व्हेस्पाने. ही व्हेस्पा मूळची १९४६ ची. पियाज्यो महायुद्धात विमानं बनवायचे, युद्धात कारखाना बॉम्बने उद्ध्वस्त झाला आणि विमानं बनवायची सोय राहिली नाही. मग कोरादिनो दास्कानियो नावाच्या विमान-इंजिनिअरने ही स्कूटर काढली. म्हणून तिला मोटरसायकलसारखा नळ्यांचा सांगाडा नाही. विमानासारखं पत्र्याचं अंगच सगळा भार पेलतं. इंजिन मागच्या चाकाशी एका बाजूला, त्यामुळे गाडी कायम जराशी एका अंगाला ओढते. ज्यांनी ती चालवली त्यांच्या मनगटाला ही गोष्ट अजून आठवत असेल.

१९७१ मध्ये पियाज्योबरोबरचा करार संपला आणि सरकारने त्याचं नूतनीकरण होऊ दिलं नाही. आकुर्डीतल्या लोकांना तोवर स्कूटर बनवता येत होतीच. १९७२ मध्ये तीच वंशावळ 'चेतक' या नावाने बाहेर पडली. रूप इटालियन आणि नाव हळदीघाटच्या लढाईतल्या राणा प्रतापांच्या घोड्याचं! पुढे १९८९ मध्ये 'हमारा बजाज' ही जाहिरात आली आणि ती एवढी 'हमारा' झाली की इटलीची आठवण कुणाला राहिलीच नाही. (यावर मस्टँगवाल्या मित्राने नाक मुरडलं. मी म्हटलं, बटाटासुद्धा मूळचा पेरूचा आहे, वडापाव खायचं सोडतोस का?)

आता रांगेबद्दल. हे आमच्या पिढीला खरंच कळत नाही. आज ऑर्डर दिलेला हेडफोन उद्या संध्याकाळी आला नाही तर आपण चिडतो. तेव्हा किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवायचा. त्याहून जास्त बनवणं म्हणजे नियमभंग. राहुल बजाज १९६८ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले, आणि जास्त माल बनवल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं तरी जाईन, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं पुढे प्रसिद्धच झालं. मागणी प्रचंड आणि परवाना तोकडा, म्हणून नंबर लागायला आठ-आठ, दहा-दहा वर्षं जायची. परदेशी चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळायची, म्हणून परदेशातल्या नातेवाइकाला एकदम भाव. नंबर लागलेली गाडी शोरूमच्या दारातच जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला देणारेही होते.

आमच्या आजोबांनी नाव नोंदवलं १९७८ मध्ये. गाडी आली १९८६ मध्ये. नोंदवताना बाबा तेरा वर्षांचे होते, गाडी दारात आली तेव्हा एकवीस. आयटीआय करून भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर लागलेले. आजी सांगायची की गाडीची पूजा झाल्यावर आजोबा दोन दिवस तिच्यावर बसलेच नाहीत, नुसते पुसत राहिले. हिरव्या रंगाची होती. रंग निवडायचा वगैरे प्रकार नव्हता, जो मिळेल तो आपला.

त्या गाडीवर मी लहानपणी पुढे उभा राहून फिरलोय. १४५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत चार गिअर, पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल, थंडीत ओढायचा चोक. पावसाळ्यात सुरू होईना की बाबा गाडी तिरकी करायचे, सरळ करायचे आणि किक मारायचे. तरी नाही ऐकलं तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. पुढे मी, मागे आई, आईच्या मांडीवर ताई आणि पायाशी गॅसची टाकी. अमेरिकेत 'मसल' म्हणजे काय ते मित्राला माहीत; आमच्याकडे मसल म्हणजे हे.

आणि मग ती संपली. हीरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटरसायकल १९८५ पासून होतीच, लोकांना अॅव्हरेजची गोडी लागली होती. किनेटिक होंडाने १९८४ मध्येच बटणावर सुरू होणारी, बिनगिअरची स्कूटर दाखवली होती. नव्वदचं दशक संपता संपता देशात स्कूटरपेक्षा मोटरसायकली जास्त खपायला लागल्या. बजाजने १९९९ मध्ये चाकणला नवा कारखाना सुरू केला, २००१ मध्ये पल्सर आणली. २००६ च्या आसपास चेतक बंद झाली आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर बनवणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी, २००७ मध्ये, आकुर्डीत गाड्या बनणं थांबलं होतं. उत्तराखंडात करसवलती होत्या, पंतनगरला नवा कारखाना उभा राहिला होता. आकुर्डीत ऑफिसं आणि संशोधन विभाग उरला.

मी तेव्हा दहा वर्षांचा. मला एवढंच आठवतं की त्या वर्षी शाळेच्या रिक्षात दोन मुलं कमी झाली. बाबांचं वर्कशॉप आकुर्डीवर थेट अवलंबून नव्हतं, पण भोसरीत कोण कशावर अवलंबून आहे हे कुणालाच नीट सांगता येत नाही. एकाला पिन बनवायचं काम मिळतं, दुसरा त्याला बुश देतो, तिसरा हीट ट्रीटमेंट करतो. आपल्या भाषेत सांगायचं तर डिपेंडन्सी ट्री. वरचं एक पॅकेज काढलं की खाली काय काय मोडेल ते चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. पुढे ते वर्कशॉप बंद झालं. बाबा चाकणला एका व्हेंडरकडे सुपरवायझर म्हणून लागले आणि पहाटे साडेपाचची बस पकडू लागले. हिरवी चेतक भंगारात गेली, साडेतीन हजाराला. ती नेणाऱ्याने आधी स्टेपनी काढून घेतली, हे मला स्पष्ट आठवतंय.

असो. तर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये चेतक परत आली, विजेवर चालणारी. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात आणि बंगळूरमध्ये विक्री सुरू झाली, एक लाखापासून. आधी चाकणला बनायची. मग आकुर्डीत त्याच जागी नवा कारखाना उभा राहिला आणि १० जून २०२२ ला, म्हणजे राहुल बजाज यांच्या जन्मदिवशी, तिथून पहिली गाडी बाहेर आली. ते स्वतः त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते.

मी घेतली ती डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ३५ मालिकेतली. साडेतीन किलोवॉट-तासाची बॅटरी पायाखालच्या फ्लोअरबोर्डमध्ये, सीटखाली हेल्मेट आणि भाजी दोन्ही बसेल एवढी जागा. गोल दिवा, फुगीर कुशी आणि मुख्य म्हणजे अंगावर पत्रा, प्लॅस्टिक नाही. अभियंता म्हणून मला हे फार गमतीचं वाटतं: फ्रंटएंड जुनाच ठेवला आणि बॅकएंड सगळा नव्याने लिहिला. डॉजने पुढे विजेवरची चार्जर आणली, तर तिला स्पीकरमधून खोटा घरघराट द्यावा लागला! माझ्या चेतकला सुदैवाने कुणी फटफट बसवली नाही.

किनेटिकनेही २०२५ मध्ये जुन्या रूपाची विजेवरची डीएक्स आणली. म्हणजे माझ्यासारखी गिऱ्हाइकं बरीच असावीत. आणि रांगेचं म्हणाल तर तीही थोडी परत आली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरच्या चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ खनिजांवर निर्यातबंधनं घातली आणि त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडे विजेच्या गाड्यांचं उत्पादन अडखळलं. आजोबांची रांग दिल्लीतून ठरायची, आताची बीजिंगमधून.

गाडी घरी आणली तेव्हा मला वाटलं होतं बाबा जरा भावूक होतील. मी फोन कॅमेरा लावून तयार! बाबांनी चष्मा लावला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बोटाच्या पेराने कुशीवर टकटक केलं. "पत्रा आहे," म्हणाले. मग खाली वाकून मागच्या चाकाकडे बराच वेळ बघत बसले.

"ह्यात टर्निंगचं काम किती रे?"

मला आधी प्रश्नच समजला नाही. मग त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. पिस्टन नाही. पिस्टन पिन नाही. क्रँक नाही, कनेक्टिंग रॉड नाही, क्लचचं हब नाही, किकचा शाफ्ट नाही, गिअरबॉक्समधले चार गिअर नाहीत. मग दुसऱ्या हातावर, आहे त्याची मोजणी: मोटरचा शाफ्ट, एक-दोन रिडक्शन गिअर, चाकाचं हब, अॅक्सल. दुसऱ्या हाताची बोटं उरली.

"बाबा, मेंटेनन्स कमी लागतो म्हणून..." मी सांगायला गेलो.

"ते कळलं मला. चांगलंच आहे. मी फक्त विचारलं."

मी जे रूप बघून पैसे मोजले, ते त्यांच्या तरुणपणातलं होतं. आणि ज्या तुकड्यांवर त्या काळात आमचं घर चाललं, तेवढेच नेमके त्यात नव्हते. हे शोरूममध्ये माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. बॅटरीचे सेल, सॉफ्टवेअर, रेंज, सगळं तुलना-तक्ता करून बघितलं होतं.

रविवारी सकाळी त्यांना म्हटलं, चला, तुम्ही चालवा, मी मागे बसतो. आधी नको म्हणाले, मग शर्ट बदलून आले. किल्ली कुठे लावायची म्हणून विचारलं, किल्ली लागत नाही कळल्यावर हसले. गाडी आवाज न करता पुढे सरकली तेव्हा दोनदा म्हणाले, "चालू आहे ना?" चिंचवड स्टेशन ओलांडून आकुर्डीकडे निघालो. रस्ता बराच मोकळा होता, वर मधूनच मेट्रोचे खांब. कारखान्याच्या गेटशी सिग्नल लागला तेव्हा मी मागून बघितलं, त्यांचा डावा हात मूठ पिळून न्यूट्रल शोधत होता आणि उजवा पाय फूटबोर्डावर ब्रेक दाबत होता. "बाबा, हातातला ब्रेक!" मी ओरडलो. गाडी पांढऱ्या पट्ट्यावर, बरोबर दोन फूट पुढे जाऊन थांबली.

"माहितीये," बाबा म्हणाले, पण पाय काही त्यांनी उचलला नाही.