डॉक्टरांना मेसेज लिहिताना

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. सोबतचे कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला आंघोळ घातली. विहारात आपण एवढे ऐकतो. पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. सेवा करायला सोपा रुग्ण कसा असतो याची पाच लक्षणे तिथे आहेत. त्यातले एक असे : आजार वाढतोय, उतरतोय की आहे तसाच आहे, हे तो जसेच्या तसे सांगतो.

मोबाईलवरून डॉक्टरांना लिहिताना नेमके हेच राहून जाते. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांचे मेसेज आपल्यातले तरुणच टाइप करतात, म्हणून हे तरुणांसाठी. ‘आईला बरं नाही, काय देऊ?’ यावरून कोणताही डॉक्टर काही सांगू शकत नाही. असे लिहा : ‘वय ५८. आठ वर्षे मधुमेह. मेटफॉर्मिन ५००, सकाळ-संध्याकाळ. तीन दिवस पायांची जळजळ, आज जास्त. उपाशीपोटी साखर १९०. दोन दिवस गोळी चुकली.’ शेवटचे वाक्य लिहायला लाज वाटते. पण ते लपवले तर साखर औषध पुरत नसल्याने वाढली असे डॉक्टरांना वाटेल आणि डोस विनाकारण वाढेल.

केंद्राच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी व्हिडिओ, फोन आणि मेसेज या तिन्ही मार्गांना मान्यता दिली. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. प्रत्यक्ष तपासणीनंतर ६ महिन्यांच्या आत त्याच डॉक्टरांना त्याच आजाराबद्दल विचारले, तर तो फॉलो-अप धरला जातो. पहिल्याच वेळी नुसत्या मेसेजवर फार औषधे लिहिता येत नाहीत; ‘दवाखान्यात या’ म्हणणारा डॉक्टर टाळत असतो असे नाही.

सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. आरोग्य केंद्रातील कर्मचारीही तिथून रुग्णाला दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. गगनबावडा किंवा शाहूवाडीहून कोल्हापूरच्या सीपीआरला येणे म्हणजे मजुराचा एक दिवस बुडणे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोळकडचे रस्तेच पाण्याखाली होते. अशा वेळी नीट लिहिलेल्या चार ओळींची किंमत कळते.

छातीत दुखणे, एका बाजूची ताकद जाणे, दम लागणे, सर्पदंश यांत मात्र मेसेज टाइप करत बसू नका, १०८ लावा. आणि कुणाचाही रिपोर्ट विहाराच्या ग्रुपवर टाकू नका. टीबी किंवा एचआयव्हीचा कागद एकदा फिरला की परत घेता येत नाही.

उत्तर आल्यावर समजले ते आपल्या शब्दांत परत लिहून पाठवा : ‘ही गोळी जेवणानंतर, पाच दिवस, बरोबर ना?’ बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे गरज लागली तरच. हे तिन्ही अर्थ आम्ही विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहून लावले आहेत.