थांगक्याची पाठ
इथे जबलपूरच्या सराफ्यात एकाने मला ‘पुरानी रेशमी पेंटिंग’ म्हणून थांगका दाखवला. रेशीम होतं ते कडेच्या किनखापाचं. चित्र बहुधा सुती कापडावरच असतं. रेशमावरचे थांगके कमी. मी आधी तो उलटला. फौजी सवय! देवतेच्या मस्तक, कंठ, हृदयामागे ‘ॐ आः हूँ’ अक्षरं असली, तर त्याची प्रतिष्ठा झालेली असते. म्हणजे ते कुणाचं तरी दैवत. 1959 नंतर तिबेटी निर्वासितांनी असे थांगके गुंडाळून भारतात आणले, पोटासाठी काही विकलेही. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं चित्र पुरावस्तू ठरतं. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते परदेशी नेता येत नाही. संग्राहकांनो, भाव विचारण्याआधी ‘कुठून आला?’ हे विचारा.