वाटाण्याची पृथ्वी, मिऱ्याची पृथ्वी

जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ असतात. पाढे, बाराखडी, महाराष्ट्राचा नकाशा आणि शेजारी हमखास एक सूर्यमाला. डावीकडे अर्धा पिवळा सूर्य, त्याच्यापुढे पंगतीला बसल्यासारखे आठ रंगीत गोळे. बाकीच्या भिंती खरं बोलतात; ही एक थाप मारते. रंगाऱ्याचा त्यात दोष नाही. पृथ्वी म्हणून १ मिलिमीटरचं टिंब काढलं, तर त्याच मापाने नेपच्यून साधारण ३५० मीटर लांब काढावा लागेल. एवढी भिंत कुठल्या शाळेला असते?

पेच जुनाच आहे. आकार खरे दाखवावेत तर अंतरं मावत नाहीत, आणि अंतरं मावतील इतकी आवळावीत तर ग्रह धुळीच्या कणाहून बारीक होतात. तो सोडवताना कागद अपुरा पडला, यंत्र अपुरं पडलं, घराचं छतही अपुरं पडलं. शेवटी चपला घालून बाहेर यावं लागलं.

ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने नुसते आकडे न सांगता तोफ डागली. त्याच्या मृत्यूनंतर, १६९८ साली निघालेल्या ‘कॉस्मोथेओरोस’ या पुस्तकात हिशोब आहे: तोफेचा गोळा वेग न गमावता जात राहिला, तर सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला त्याला २५ वर्षं लागतील. अंतर वेळात सांगायची ही रीत मराठी खेड्यांनाही परकी नाही. गाव किती लांब विचारलं की ‘दोन तासांची वाट’ असं उत्तर मिळतं. पण हायगेन्सचा गोळा डोक्यातल्या डोक्यात उडायचा. पोरांच्या हाताला काही लागायचं नाही.

हाताला लागणारी वस्तू लवकरच आली. इंग्लंडमध्ये जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजीने १७०४ च्या सुमारास दातेरी चक्रांवर फिरणारी पृथ्वी आणि चंद्र घडवले. त्यावर बेतलेलं यंत्र जॉन रॉली या कारागिराने ऑररीचा अर्ल चार्ल्स बॉइल याच्यासाठी केलं, आणि यंत्राला नाव चिकटलं ते पैसे मोजणाऱ्याचं: ‘ऑररी’. बड्यांच्या दिवाणखान्यांत ऑररी शोभून दिसली. तिच्यात फिरणं दिसायचं. मापं मात्र शाळेच्या भिंतीइतकीच खोटी.

अंतरांशी प्रामाणिक राहिला तो एक लोकर विंचरणारा. नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावचा आइसे आइसिंगा. मे १७७४ मध्ये चंद्र आणि चार ग्रह आकाशात जवळजवळ आले, तेव्हा आता पृथ्वी कक्षेतून फेकली जाणार अशी आवई उठली होती. लोकांना खरा प्रकार कळावा म्हणून आइसिंगाने आपल्या बैठकीच्या खोलीच्या छतातच सूर्यमाला बसवायला घेतली. लाकडी चाकं, ठोकलेले खिळे आणि सगळं चालवणारं एक लंबकाचं घड्याळ. माप: १ मिलिमीटर म्हणजे १० लाख किलोमीटर. सात वर्षं खपून १७८१ मध्ये काम पुरं झालं, आणि नेमक्या त्याच वर्षी युरेनस सापडला. छतावर जागाच नव्हती. शनीपाशी खोली संपत होती. ते छत आजही चालतं, आणि २०२३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण ग्रहांच्या आकारांपुढे आइसिंगानेही हात टेकले होते. त्या मापाने पृथ्वी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी व्हायची. ती टांगणार कशी?

युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल. त्याचा मुलगा जॉन, तोही मोठा खगोलज्ञ. दोन्ही मापं एकदम खरी ठेवायची कृती लिहिली ती या जॉनने, १८३३ च्या ‘अ ट्रीटाइज ऑन अॅस्ट्रॉनॉमी’ या पुस्तकात. कागदावर वर्तुळं काढून काही साधणार नाही, आणि ऑररी तर निव्वळ पोरखेळ, असा निकाल देऊन तो वाचकाला सरळ मोकळ्या मैदानात नेतो. पुढचा मजकूर एखाद्या पाककृतीसारखा आहे. सपाट हिरवळ घ्या. मध्ये दोन फूट व्यासाचा गोल ठेवा, तो सूर्य. १६४ फूट व्यासाच्या वर्तुळावर मोहरीचा दाणा, तो बुध. २८४ फुटांच्या वर्तुळावर वाटाणा, तो शुक्र. ४३० फुटांच्या वर्तुळावर आणखी एक वाटाणा, ती पृथ्वी. मंगळ टाचणीच्या जरा मोठ्या डोक्याएवढा, गुरू मध्यम संत्र्याएवढा, शनी लहान संत्र्याएवढा. बापाने शोधलेल्या युरेनसच्या वाट्याला मुलाने चेरी किंवा लहानसं आलुबुखार दिलं आणि त्याला दीड मैलाहून मोठ्या वर्तुळावर बसवलं. नेपच्यून १८४६ साली सापडला. पुढे १८४९ मध्ये ‘आउटलाइन्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी’ या नावाने ग्रंथ वाढवून आला, तेव्हा हर्शेलचं मैदानही वाढलं: नेपच्यूनचं वर्तुळ अडीच मैलांचं.

गतीचाही हिशोब त्याने दिला. वाटाण्याएवढ्या पृथ्वीला स्वतःच्या रुंदीइतकं सरकायला सात मिनिटं लागली पाहिजेत. ‘पृथ्वी भन्नाट वेगाने फिरते’ हे वाक्य घोकलेल्या मुलाला हा वाटाणा पुढ्यात ठेवून सात मिनिटं बसवावं.

तरी हर्शेलच्या कृतीत एक उणीव राहिली. ते वाचकाने मनात पाहायचं चित्र होतं. वर्गातल्या चाळीस मुलांनी करायचा खेळ त्यातून निघाला तो दीड शतकानंतर. गाय ऑटवेल हे दरवर्षी ‘अॅस्ट्रॉनॉमिकल कॅलेंडर’ काढणारे लेखक. १९८९ मध्ये त्यांनी एक लहानशी पुस्तिका काढली: ‘द थाउजंड-यार्ड मॉडेल, ऑर द अर्थ अॅज अ पेपरकॉर्न’. त्यात सूर्य ८ इंची चेंडू, पृथ्वी आणि शुक्र म्हणजे मिरी, बुध आणि मंगळ टाचणीची डोकी. एक इंच म्हणजे १ लाख मैल. एक पाऊल म्हणजे एक वार, आणि एक वार म्हणजे ३६ लाख मैल.

ऑटवेल यांचं खरं डोकं दिसतं ते क्रमात. मापं ते आधी सांगतच नाहीत. सगळी चिल्लर टेबलावर मांडायची आणि विचारायचं, ही मांडायला जागा किती लागेल? मुलं टेबलाच्या कडेपर्यंत हात पसरतात. मोठी माणसं फार तर खोली म्हणतात. मग बाहेर जायचं. सूर्यापासून १० पावलं, बुध. आणखी ९, शुक्र. आणखी ७, पृथ्वी. आणखी १४, मंगळ. इथवर खेळ सोपा वाटतो. पुढचा आकडा येतो ९५, आणि तेव्हा कुठे गुरू. मग शनीला ११२, युरेनसला २४९, नेपच्यूनला २८१, प्लूटोला २४२. एकूण १,०१९ पावलं. कंटाळा हा या खेळाचा भागच आहे. मधल्या रिकामेपणावर पानभर लिहून जे उतरत नाही, ते दुखणाऱ्या पोटऱ्या सांगतात.

प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढलं. ज्यांना पाय वाचवायचे असतील त्यांना ७७७ पावलांवर थांबायची मुभा आहे.

नंतर शहरांनीही हा खेळ उचलला. अमेरिकेतल्या इथाकामध्ये १९९७ साली खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या स्मरणार्थ ग्रहांची पायवाट झाली. २०१२ मध्ये तिचं पुढचं ठाणं उभं राहिलं ते थेट हवाईत, शेजारच्या ताऱ्याच्या जागी. स्वीडनमध्ये स्टॉकहोमचं ११० मीटर रुंदीचं गोल क्रीडागृह सूर्य मानलं आहे. तिथला प्लूटो ३०० किलोमीटरवरच्या डेल्सबो गावात आहे. सगळ्यात गमतीची गोष्ट क्रोएशियातल्या झाग्रेबची. इवान कोझारिच यांनी १९७१ मध्ये दोन मीटर व्यासाचं ‘जमिनीवर आलेला सूर्य’ हे शिल्प केलं. ३३ वर्षांनी दावोर प्रेइस यांनी त्याच मापाचे ग्रह शहरभर गुपचूप लावून टाकले. आधी कुणालाच पत्ता नव्हता.

या पायवाटांना एक दोष आहेच: ग्रह एका रांगेत मांडले की ते आकाशातही तसेच उभे असतात असं मुलांना वाटतं. इंग्लंडमधल्या ऑटफर्ड गावाने तो टाळला. तिथले ग्रह १ जानेवारी २००० च्या प्रारंभी जसे होते तसे, चहूकडे पांगलेले आहेत.

मराठी घरात ऑटवेल यांची यादी थोडी बदलावी लागेल. त्यांची पृथ्वी २ मिलिमीटरची आहे आणि चांगलं पोसलेलं मिरं त्याच्या दुप्पट भरतं. तिथे मोहरीच बरी. बुध आणि मंगळाला खसखस, गुरूला सुपारी, शनीला बोर, युरेनस-नेपच्यूनला काबुली चणे. सूर्याचं माप काटेकोर काढलं तर २२ सेंटिमीटर येतं, म्हणजे नेमका फुटबॉल. चंद्र पृथ्वीपासून ६ सेंटिमीटरवर. त्याची सबंध कक्षा फुटबॉलच्या पोटात मावते. प्रकाश सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ मुंगीच्या चालीने सरकतो. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे अंतराळयान अजून चार किलोमीटरच्या आसपास आहे. फुटबॉल मुंबईत ठेवला, तर सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा सुमारे ६,३०० किलोमीटरवर, बर्लिनच्या बाजूला कुठेतरी.

मैदान क्रिकेटचं असेल तर काम आणखी सोपं, कारण खेळपट्टी २२ वारांची असते. सूर्य गोलंदाजाकडच्या यष्ट्यांपाशी ठेवावा. शुक्र फलंदाजाकडच्या यष्ट्यांच्या तीन वार अलीकडे येतो, पृथ्वी यष्ट्यांमागे चार वारांवर यष्टिरक्षकापाशी. मंगळ त्याच्याही मागे १४ वारांवर. गुरूसाठी सीमारेषा ओलांडून जावं लागतं, आणि पुढचे तिघे गावातच शोधायचे. खसखस मात्र कार्डावर चिकटवून न्यावी. सुटी नेली तर पहिल्याच झुळकीला बुध आणि मंगळ दोन्ही जातात.