एका धन्याचा वकील

शिरोड्याहून दक्षिणेस निघाले की रेडी लागते आणि रेडीपुढे तेरेखोलचा किल्ला. हा किल्ला 1746 साली वाडीकर सावंतांच्या हातून फिरंग्यांकडे गेला, आणि 1961 पर्यंत परमुलखाची सरहद्द शिरोड्याच्या उशाशी राहिली. जेथे सरहद्द तेथे तह, आणि जेथे तह तेथे वकील हे ओघानेच आले. आज याच टापूतील एखादी मुलगी कायद्याची पदवी घेऊन मुंबईच्या कंपनीच्या कायदेखात्यात नोकरीस लागली, की घरची वडील मंडळी किंचित हिरमुसतात. काळा डगला घालून कोर्टात उभी राहावयाची नाही, तर ती वकील कसली, असे त्यांना वाटते. परंतु हाच प्रश्न इतिहासास विचारला तर उत्तर उलटे येते. ते कसे, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

मराठेशाहीत वकील म्हणजे कोर्टात कोणाही पक्षकाराची बाजू मांडणारा पेशेवाईक नव्हे. तो एका दरबाराचा पदरी माणूस. परक्या दरबारी राहावयाचे, बातमी कळवावयाची, बोलणी चालवावयाची आणि जे ठरेल ते शब्दांत बांधून घ्यावयाचे, हे त्याचे काम. दिल्लीस पेशव्यांचे वकील हिंगणे होते. पुण्यास गोव्याच्या फिरंगी सरकारचे वकील नारायण विठ्ठल धुमे होते. धनी एकच, आणि त्याचे हित तेच आपले कर्तव्य.

धुम्यांच्या काळातील एका कागदाची कथा मोठी बोधप्रद आहे. 1779 साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. दमणच्या बाजूच्या गावांतून बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगिजांस द्यावयाचा, असे त्यात ठरले. पुढे 1783 व 1785 या साली सनदा निघून नगर हवेलीची गावे त्यांच्याकडे गेली. पेशवाई बुडाली, इंग्रजी आली आणि गेली. 1954 साली दादरा व नगर हवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, आणि हा जुना कागद पुन्हा उघडला गेला. पेशव्यांनी दिले ते राज्य, की केवळ सरंजाम? भारताच्या वतीने मोतीलाल सेटलवाड यांनी बाजू मांडली. 12 एप्रिल 1960 रोजी न्यायालयाने सांगितले, की तह खरा. पण त्यातील शब्दांनी वसुलाचा हक्क मिळतो, राज्याचा नाही. पोर्तुगिजांची सत्ता त्या गावांवर बसली ती पुढे इंग्रजांनी ती मुकाट्याने मान्य केली म्हणून. पुण्यात तहाची कलमे बांधली गेली, त्यांतील शब्दांचा कीस एकशेऐंशी वर्षांनी समुद्रापलीकडे निघाला! कंपनीच्या पगारी वकिलाचे काम याच जातीचे आहे. त्याचा खटला बहुधा उभाच राहत नाही; राहिला, तर तो निवृत्त झाल्यावर.

मग कोर्टातला वकील आला कोठून? गंमत अशी, की तोही एका कंपनीनेच आणला. ईस्ट इंडिया कंपनीने 1793 च्या सातव्या रेग्युलेशनाने बंगाल्यात अदालतीच्या वकिलांस सनदा देण्याची व्यवस्था घातली. आपल्या इलाख्यात 1827 च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहात तिला स्थान मिळाले. दरबारचा वकील असा सर्वांचा झाला. हा लाभ लहान नव्हे. अशील बदलता येतो, खटला नाकारता येतो. म्हणूनच त्याच्या शब्दास वजन आले.

आजचा कायदा हाच भेद पाळतो. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टाखाली बार कौन्सिलने केलेल्या नियमांतील 49 वा नियम सांगतो, की पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्याने ते कौन्सिलास कळवावे आणि नोकरी असेतो वकिली करू नये. पुढचा घाव याहून खोल आहे. अशिलाने वकिलास विश्वासाने सांगितलेले उघड करावयास वकिलास भाग पाडता येत नाही, हे 1872 च्या पुराव्याच्या कायद्यापासूनचे तत्त्व. ते पगारी कायदेसल्लागारासही लागू आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वी धरले होते. परंतु 31 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या 132 व्या कलमाचे हे संरक्षण कंपनीच्या नोकर वकिलास नाही. कारण तो धन्यापासून तेवढा स्वतंत्र नसतो.

या निर्णयाची खंत वाटणे साहजिक आहे. तरी त्यामागचे कारण आम्हांस निराधार वाटत नाही. वकिलाने धन्यास रुचेल तेवढेच कळविले, तर तो धनीच बुडतो, हे जुन्या दरबारांनी पुरते अनुभविले आहे. म्हणून आमच्या मते त्या मुलीच्या वडील मंडळींचा प्रश्नच चुकीचा आहे. डगला आहे की नाही, हे विचारू नये. ज्याच्या हातून महिन्याचे वेतन घ्यावयाचे, त्याच्यासमोर ‘हे कायद्यात बसत नाही’ असे लिहून सही करण्याची तिची तयारी आहे काय, एवढे विचारावे. उत्तर होय असेल, तर कोर्टाची पायरी न चढताही ती वकीलच आहे.