४५७ आणि पुढे नऊ शून्यं

गुरुवार, ५ ऑक्टोबर २०१७. सकाळी १०. चोवीस तास बाकी

धुळ्याहून फोन आला तेव्हा ऑफिसात नुकता केर काढून झाला होता. उद्या सकाळी दहाच्या आत साक्री तालुक्यातल्या आमच्याकडच्या सोसायट्यांची माहिती वर गेली पाहिजे, एकही कॉलम रिकामा नको, एवढंच सांगून साहेबांनी फोन ठेवला.

कॉलम ६६ होते. २४ जूनला सरकारनं ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली होती. ३० जून २०१६ रोजी थकीत असलेलं दीड लाखापर्यंतचं पीककर्ज माफ होणार होतं. शेतकऱ्यांनी पावसाळाभर सेवा केंद्रांपुढे रांगा लावून, अंगठे टेकवून ऑनलाइन अर्ज भरले. २२ सप्टेंबरला मुदत संपली. आता त्या अर्जांशी ताडून बघायला बँकांकडून प्रत्येक खात्याची माहिती हवी होती. शेतकऱ्यानं दिलेली माहिती आणि आम्ही दिलेली माहिती जुळली तर त्याचं नाव यादीत येणार, नाही जुळली तर येणार नाही. दोन्हीकडं सारखी असलेली आणि माणूस नेमका ओळखता येईल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आधार क्रमांक.

मी एका सहकारी संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. संस्थेचं नाव इथं नको. त्या रात्री जे झालं ते माझ्या हातून झालं.

सकाळी ११.३०

सभासदांचं टेबल सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट केलं. सीएसव्ही फाइल, ११४० ओळी. बेत सरळ होता. फाइल एक्सेलमध्ये घ्यायची, रिकामे कॉलम भरायचे आणि तीच फाइल परत इम्पोर्ट करून टेबल अद्ययावत करायचं. त्यातूनच ६६ कॉलमचा अहवाल निघणार होता. आधार क्रमांक भरायचे नव्हते. दोन पोरांनी महिनाभर बसून, झेरॉक्सवरून एकेक करून ते सॉफ्टवेअरमध्ये टाइप केले होते. आकडा पुसट असला की ते सोसायट्यांचा हिशेब बघणाऱ्या गटसचिवाला फोन लावत. अख्ख्या ऑफिसात त्या दिवशी सगळ्यांत बिनचूक काही असेल तर तो तो एक कॉलम.

दुपारी १

पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर अशा तिन्ही बाजूंनी गटसचिव आले. पिशव्यांत सातबारा, कर्जखात्यांचे उतारे, आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे. मी माहिती विचारायची आणि त्यांनी खतावणी उघडून सांगायची, असं चाललं होतं. यातला एकेक माणूस पाच-पाच गावांचा हिशेब डोक्यात ठेवून असतो. खातं काढायला नंबर लागत नाही, ‘वरल्या गल्लीतला, विहीरवाला’ एवढं पुरतं. संध्याकाळी ते गठ्ठे घेऊन परत जाणार होते. गावात शेतकरी विचारत होते, आमचे कागद कुठे आहेत?

दुपारी ३.१०. एकोणीस तास बाकी

लाइट गेली. त्याच आठवड्यात राज्यात कोळशाची टंचाई होऊन भारनियमन सुरू झालं होतं. यूपीएसनं पंधरा मिनिटं काढली आणि कण्हून बंद पडला.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडायची माझी पद्धत ठरलेली होती. आधी एक्सेल सुरू करायचं, मग ‘डेटा’मध्ये जाऊन फाइल आत घ्यायची, आणि आधार, खाते क्रमांक, तारीख या कॉलमना ‘टेक्स्ट’ म्हणून सांगायचं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ठेचा खाऊन कळलं होतं. पण आता मशिन बंद होतं. सकाळी थेट पेनड्राइव्हवरच एक्सपोर्ट केलेली फाइल माझ्याकडे होती आणि एका सहकाऱ्याचा लॅपटॉप चार्ज केलेला होता.

दुपारी ४.१०. अठरा तास बाकी

पेनड्राइव्ह लावला आणि फाइलवर डबल क्लिक केलं.

इथं जरा थांबून सांगतो, कारण सगळं इथंच घडलं. सीएसव्ही फाइलमध्ये नुसती अक्षरं आणि स्वल्पविराम असतात. हा मजकूर आहे, ही तारीख आहे, असं त्यात कुठं लिहिलेलं नसतं. डबल क्लिक केलं की ते एक्सेल स्वतः ठरवतं. समोर सगळे आकडेच दिसले तर ती संख्या धरतं. सुरुवातीचं शून्य संख्येला निरर्थक, म्हणून ते जातं. आणि साध्या रकान्यात फार तर अकरा आकडी संख्या जशीच्या तशी दिसते. मोबाइल नंबर दहा आकडी, रकाना पुरेसा रुंद असला तर तो वाचतो. आधार बारा आकडी. एका आकड्यानं तो हद्दीबाहेर जातो आणि शास्त्रीय पद्धतीनं दिसू लागतो: ४.५७ई+११.

मला ते दिसलं. दिसलं नाही असं म्हणणार नाही. अख्खा कॉलम तसाच होता. मी एका रकान्यावर क्लिक केलं, वरच्या पट्टीत पूर्ण बारा आकडे दिसले. म्हटलं, आत डेटा शाबूत आहे, फक्त दिसायला आखूड झालाय. त्या क्षणी ते खरंही होतं. फाइल उघडी असेपर्यंत आकडे शाबूतच असतात. पण सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना आतला आकडा जात नाही, रकान्यात दिसणारा मजकूर जातो. मी काम करत गेलो, सवयीनं सेव्ह करत गेलो. दर वेळी प्रश्न यायचा की या प्रकारात काही गोष्टी हरवू शकतात, तरी ठेवायचं का? दर वेळी मी ‘हो’ म्हटलं.

हे फक्त आमच्यासारख्यांच्या हातून होतं असं नाही. माणसाच्या जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० साली मार्च-१, सेप्ट-१ अशा काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आठवडाभर गणतीतून सुटले. जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नव्हती आणि प्रत्येक रुग्णाच्या अनेक ओळी होत्या. हे आपोआप होणारे बदल बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये. पण मला वाटतं, सोय असो वा नसो, ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, तो आकडा नसून नाव असतं. आधार क्रमांक हे नाव आहे. ते संख्येच्या कॉलमात ठेवणं हीच पहिली चूक, आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या टेबलातही ते संख्या म्हणूनच होतं.

संध्याकाळी ७. पंधरा तास बाकी

गटसचिव शेवटच्या गाड्या पकडून गेले. गठ्ठेही गेले.

रात्री ९.४०

लाइट आली. लॅपटॉपवरची फाइल त्याच नावानं पेनड्राइव्हवर होती, म्हणजे सकाळची मूळ फाइल आता कुठंच नव्हती. ऑफिसच्या मशिनवर इम्पोर्टची खिडकी उघडली. फाइलमधला कुठला कॉलम टेबलातल्या कुठल्या कॉलमात जाणार ते जुळवलं. आधारसमोर खूण करायची गरज नव्हती, आधार टेबलात आधीच होता. पण ‘सर्व कॉलम’ हे बटण एका फटक्यात काम करतं. रात्रीचे पावणेदहा झाले होते.

ओळी वाचल्या ११४०. अद्ययावत केल्या ११४०. चुका ०.

४.५७ई+११ ही सॉफ्टवेअरच्या लेखी रास्त संख्या होती. त्यानं तिचे ४५७ आणि पुढे नऊ शून्यं केली. बाराच आकडे, म्हणून तक्रारीचं कारण नाही. आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून गणितानं काढलेला असतो, चुकीचा क्रमांक पकडता यावा म्हणून. इम्पोर्ट करताना ती पडताळणी असती तर बहुतेक सगळ्या ओळी दारातूनच परत आल्या असत्या. ती नव्हती.

प्रत्येक शेतकऱ्याच्या क्रमांकातले तीन आकडे उरले. आधार शून्यानं किंवा एकानं सुरू होत नाही, म्हणजे तीन आकड्यांत जेमतेम आठशे वेगळे क्रमांक होऊ शकतात. माणसं ११४०.

रात्री ११

कोजागरी होती. गच्चीवर दूध आटत होतं, ऑफिसातली मंडळी घरून गिलास घेऊन आली होती. चांदणं इतकं स्वच्छ होतं की लांबच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या मोजता आल्या असत्या. साहेबांनी धुळ्याहून विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं साहेब, शून्य चुका.

रात्री १२.१०. दहा तास बाकी

दूध पिऊन परत खाली आलो, तपासायला. माझी तपासणी प्रामाणिक होती. मुद्दलाची बेरीज, व्याजाची बेरीज, सोसायटीवार थकबाकी, सगळं खतावणीशी ताडलं. पैशापर्यंत जुळलं. समाधानानं मशिन तसंच चालू ठेवून घरी गेलो.

बेरीज होते ते सगळं मी तपासलं. आधारची बेरीज नसते.

रात्री २

रोजचा बॅकअप आपोआप झाला. तो कालच्या बॅकअपवर लिहिला जायचा.

शुक्रवार, सकाळी ८.२०. शंभर मिनिटं बाकी

पिंपळनेर बाजूचे एक वयस्क गटसचिव पहिल्या गाडीनं आले. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. छापील यादी घेऊन ते बाकावर बसले, चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला. दोन पानं उलटली. मग म्हणाले, “भाऊ, हाई सगळासना आधार शून्यवर कसा काय सरस?”

मी यादी हातात घेतली. सगळ्यांच्या आधारपुढे शून्यांची रांग. ४५७ आणि नऊ शून्यं सलग दोन पानांत तिघांसमोर. त्यातले दोघे आप्पांच्याच गावचे, एकमेकांचे भाऊबंदही नाहीत.

हात गार पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बॅकअप उघडला, त्यातही शून्यं. पेनड्राइव्ह, शून्यं. लॅपटॉपवर जुनी प्रत शोधली, नव्हती. मग तारखांचा कॉलम बघितला. तो लॅपटॉप अमेरिकी पद्धतीवर होता, आधी महिना मग दिवस. ६ जुलैची ७ जून झाली होती. म्हणजे ३० जूनच्या अलीकडचा माणूस पलीकडे आणि पलीकडचा अलीकडे. बारापेक्षा मोठा दिवस असलेल्या तारखा तेवढ्या वाचल्या होत्या.

सकाळी ८.५०. सत्तर मिनिटं बाकी

आप्पांच्या पिशवीत त्यांच्या एका सोसायटीचे झेरॉक्स होते. ते वाचायला लागले, मी टाइप करत गेलो. चार आकडे, श्वास, चार आकडे, श्वास. बाकीच्या गटसचिवांना फोन लावले. कोणी शेतात, कोणी दहिवेलच्या फाट्यावर. दहाच्या आत कोणीच पोचणार नव्हतं.

सकाळी ९.३५. पंचवीस मिनिटं बाकी

साहेबांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पलीकडं बराच वेळ शांतता होती. फाइल गेली नाही तर आपल्या एकाही शेतकऱ्याचं नाव येणार नाही, गेली तर दुरुस्त झालेल्यांचं तरी येईल, असं ते म्हणाले. तो निर्णय चूक होता असं मला आजही वाटत नाही.

सकाळी १०

६३ जणांचे क्रमांक बरोबर झाले होते. फाइल अपलोड झाली. हिरवी खूण आली.

त्यानंतर

१८ ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या दिवशी, मुंबईत मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शेतकऱ्यांना कर्जमाफीची प्रमाणपत्रं दिली गेली. आम्ही टीव्हीवर बघितलं. पुढच्या काही दिवसांत वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या: यादीत गोंधळ, अनेक शेतकऱ्यांसमोर एकच आधार क्रमांक. राज्यभरातल्या त्या गोंधळाची कारणं अनेक असतील. एक कारण कसं दिसतं ते मी पान उलटून बघितलं होतं.

न जुळलेली नावं तालुका समितीकडे पडताळणीला आली. गठ्ठे परत आले, या वेळी गावांना परत पाठवले नाहीत. मी आधारचा कॉलम टेबलातच मजकुराचा करून घेतला, बारावा आकडा तपासणारी चाळणी लावून घेतली, रात्रीचे बॅकअप सात वेगवेगळ्या नावांनी ठेवायला लागलो. हे सगळं एका दुपारचं काम होतं.

२०२२ च्या जूनमध्ये केंद्रानं देशभरातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्या संगणकीकृत करायची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे पुन्हा जुन्या खतावण्या, जुन्या फाइली, जुन्या फाँटमधली नावं नव्या टेबलांत जाणार. तिथं बसणाऱ्या पोरांना मी फोनवर पहिली गोष्ट हीच सांगतो की फाइलवर डबल क्लिक करू नका. दुसरी, मूळ फाइल केवळ वाचनासाठी करून बाजूला ठेवा. तिसरी, इम्पोर्ट झाल्यावर बेरजा बघा, पण दहा माणसंही बघा, नावानिशी, कागदाशी लावून.

२०१७ च्याच थंडीत एक म्हातारे शेतकरी पिंपळनेरच्या पलीकडून आले. सोबत आठ-नऊ वर्षांची नात. सेवा केंद्रात तीनदा जाऊन आले होते, प्रत्येक वेळी ‘माहिती जुळत नाही’. प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “मना आधार मनाच शे ना रे भाऊ?”

मी हो म्हटलं. चूक इथं झाली, बाबा, तुमच्याकडून नाही, असंही सांगितलं. त्यांचं खातं उघडलं. त्यांना आकडे वाचता येत नव्हते, म्हणून नात कार्ड हातात घेऊन उभी राहिली. ती एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेली, मी टाइप करत गेलो. बारा झाले. म्हाताऱ्यानं तिला सांगितलं, आता त्या पडद्यावरनं वाच. तिनं टाचा उंचावून पडद्यावरचे बारा आकडे वाचले, आणि दर आकड्याला ते मान हलवत गेले.