‘हो’ म्हणणारा मुलगा आणि ‘का?’ विचारणारा वर्ग

शाळेत संगीत नाटक बसवल्याने मुलांना काय मिळते, असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात: सभाधीटपणा, शिस्त, सहकार्य. ती खोटी नाहीत. पण १९३० साली बर्लिनमधील एका शाळेच्या मुलांनी जे मिळवले ते या यादीत बसत नाही, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे बेर्टोल्ट ब्रेश्ट मराठी रसिकांना ठाऊक आहे, मूळ जर्मन नाटकाचा संगीतकार कुर्ट वाइल मात्र आपल्याकडे काहीसा मागेच राहिला. या जोडीने खास शाळांसाठी ‘डेअर यासागर’, म्हणजे ‘हो म्हणणारा’, ही अर्ध्या तासाहून थोडी मोठी संगीतिका रचली. आधार होता ‘तानिको’ या जपानी नो नाटकाचा. आर्थर वेलीच्या इंग्रजी अनुवादावरून एलिझाबेथ हाउप्टमनने ते जर्मनमध्ये आणले होते. २३ जून १९३० रोजी विद्यार्थ्यांनीच तिचा पहिला प्रयोग केला.

आजारी आईसाठी औषध आणायला एक मुलगा गुरुजींबरोबर डोंगरापलीकडे निघतो. वाटेत तोच आजारी पडतो. रिवाज असा, की अशाला दरीत टाकून पुढे जायचे. मात्र आधी त्याची संमती विचारायची. मुलगा ‘हो’ म्हणतो.

वाइलच्या मते शाळेच्या संगीतिकेत अंतिम प्रयोगापेक्षा तालमी महत्त्वाच्या. म्हणून त्याने वाद्यवृंदही शाळेला झेपेल असाच योजला. व्हायोला वगळला, बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन मिळाले तर घ्यावेत, नाहीतर त्यांच्यावाचून अडत नाही. (आपल्या संमेलनांत पेटीवर सगळा संसार चालवणाऱ्या संगीतशिक्षकांना हे लगेच पटेल.) समूहासाठी व्यक्तीने संमती देणे म्हणजे काय, हे मुलांनी गाता गाता शिकावे, असाही त्याचा हेतू होता.

इथेच पेच आहे. एकसुरात गाणारा मेळा जितका चांगला जमतो, तितका त्यातला ‘हो’ प्रश्नावाचून गळी उतरतो. ‘वेल्टब्यूने’ या साप्ताहिकातून फ्रांक वार्शाउअरने याच मुद्द्यावर कडाडून टीका केली. आज्ञाधारकपणाचा हा धडा त्याला धोक्याचा वाटला.

तीच शंका नॉयकोल्न भागातील कार्ल मार्क्स शाळेतल्या मुलांना आली. शिक्षणसुधारक फ्रिट्झ कार्सेन यांची ही शाळा. वर्गावर्गांत चर्चा झाली. त्या मुलाने मरायलाच हवे होते का, हा प्रश्न निघाला. लहान मुलांचे म्हणणे म्हणून ब्रेश्टने ते हसण्यावारी नेले नाही. चर्चेची टिपणे त्याने संहितेसोबत छापली आणि नाटकही बदलले. नव्या ‘यासागर’मध्ये गावात साथ पसरलेली आहे, म्हणजे औषध वेळेवर पोचण्यावर साऱ्यांचा जीव अवलंबून. शिवाय त्याने ‘डेअर नाइनसागर’ हे जोडनाटक लिहिले. त्यात प्रवास अभ्यासाचा. मुलगा ‘नाही’ म्हणतो आणि प्रत्येक नव्या प्रसंगी नव्याने विचार करण्याचा रिवाज मागतो. सारे त्याला घेऊन परत फिरतात. शक्यतो दोन्ही नाटके एकत्रच करावीत, असे ब्रेश्टने सुचवले.

जर्मनीतल्या शेकडो शाळांनी मात्र उचलला तो ‘यासागर’च. मार्च १९३३ मध्ये वाइलने देश सोडला. त्याच वर्षी कार्सेन यांनाही शाळा आणि देश दोन्ही सोडावे लागले. ‘नाइनसागर’ला वाइलने संगीत दिलेच नाही.